निखिलच्या कॅमेऱ्यासाठी लेन्स

झाशीला किल्ला आहे आणि मी तो पाहिला नाही, हे आधीच सांगून टाकते. पाच दिवस त्या शहरात होते. मैत्रिणीच्या गच्चीवर कपडे वाळत घालताना किल्ल्याची एक बाजू दिसायची, तीही धुकं विरल्यावर, म्हणजे अकराच्या पुढं. राणीच्या जागा पाहायला मिळतील म्हणून कुणी हे वाचायला घेतलं असेल तर त्यांची निराशा होईल. मी गेले होते एका कॅमेऱ्याला लेन्स बघून द्यायला.

कराडला माझा फोटो स्टुडिओ आहे. वंदना माझी शाळेपासूनची मैत्रीण. तिचे यजमान दत्तात्रय, ज्यांना मी दाजी म्हणते, फौजेत होते. शेवटची काही वर्षं झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत होते, हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि मुलाची शाळा मोडायला नको म्हणून झाशीतच राहिले. आता शहराबाहेर बिजौलीला प्लास्टिकचे पाइप बनवणाऱ्या एका कारखान्यात सुरक्षेचं काम बघतात. मुलगा एकच, निखिल. मे महिन्यात आजोळी कराडला आला की तो सगळा दिवस माझ्या स्टुडिओत असायचा. कॅमेरा पहिल्यांदा हातात धरला तो माझा. पुढं झाशीत लग्नांचे फोटो काढायला लागला तेव्हा फुल-फ्रेम कॅमेरा घे, मोठ्या सेन्सरवर अंधारातलं चित्र स्वच्छ येतं, हा सल्लाही माझाच.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात तो एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढायला पहाटे जवळच्या ओरछ्याला निघाला होता. धुक्यात रस्त्याकडेला वाळूची ट्रॉली उभी होती, मागं दिवा नव्हता. तिच्यावर आदळून तो तिथंच गेला. सव्वीस वर्षांचा होता.

मी गेले नाही. वंदनाला एकदा फोन केला, दोन मिनिटं बोलले. लग्नसराई आहे, स्टुडिओ सोडता येत नाही, असं लोकांना सांगितलं. ते खरं नव्हतं.

तेरा महिन्यांनी, या जानेवारीत, दाजींचा फोन आला. "ताई, निखिलच्या कॅमेऱ्याला काही झालेलं नाही. त्याच्या दोन्ही लेन्स फुटल्या. मला एकच लेन्स सांगा. जवळचं पण येईल, लांबचं पण येईल. बदलाबदली मला जमणार नाही."

अशी लेन्स असते. नाव फोनवर सांगता आलं असतं, पाच मिनिटांचं काम होतं. मी म्हटलं, "मी येते."

खंडेराव गेट

दाजी स्टेशनवर स्कूटर घेऊन आले होते. मफलर, कानटोपी, पाठ अजून ताठ. सकाळचे नऊ वाजले होते आणि समोरचा माणूस दहा पावलांवर विरघळत होता. स्कूटर सुरू करायच्या आधी ते म्हणाले, "एक सांगायचं राहिलं. लेन्सचं घरात बोलू नका. हिला मी म्हटलंय, तुम्ही भेटायला येताय."

"दाजी, हे बरं नाही."

"दोन दिवस फक्त. मी बघून बोलतो."

खंडेराव गेटाच्या बाहेर एका गल्लीत, वरच्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. वंदनानं दार उघडलं. मला वाटलं होतं रडेल, किंवा मी रडेन. ती बारीक झाली होती, केस पुढून पांढरे. तिनं माझी बॅग आत घेतली.

"हातपाय धू. गीझर चालू आहे," ती म्हणाली, आणि मग पाठ फिरवून, "आता आलीस होय, शोभा."

मी चपला काढून न्हाणीघराकडे वळले.

जेवायला पिठलं आणि भाकरी होती. ज्वारी तिथंही मिळते, पण तिच्या भाकरीला चव नाही असं वंदनाचं म्हणणं, म्हणून माहेरून कुणी आलं की ती पीठ मागवते. पंचवीस वर्षांत तिच्या बोलण्यात पुष्कळ हिंदी शिरलंय. थंडीला ठंड म्हणते, गोधडी विसरून रजाई म्हणते. पण पिठलं कराडचंच होतं. शेंगदाण्याचं मला नवल वाटलं. झाशीच्या आसपास मूंगफली ढिगांनी पिकते, हातगाड्यांवर गरम वाळूत भाजून हिरव्या चटणीबरोबर विकतात, पण भाजीत कूट म्हणून कुणी घालत नाही. वंदनानं शेजारणींना एकदा कुटाची भाजी दिली होती, त्यांनी दाणे वेचून बाजूला काढले. हे सांगताना ती थोडी हसली. त्या पाच दिवसांत मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

दुपारी आम्ही गच्चीत उन्हाला बसलो. ऊन कसलं, नुसता पिवळसर उजेड. खाली गल्लीत कुणीतरी डोक्यावरून पदर ओढून घेत वर बघून "राम राम, भाभीजी" म्हणालं.

"इकडं एक रीत आहे," वंदना म्हणाली. "घरातलं माणूस गेलं की पुढची पहिली होळी येते ना, त्या दिवशी ओळखीपाळखीचे सगळे घरी येतात. थोडा गुलाल लावतात, बसतात. काही बोलत नाहीत. आपल्याकडं नाही असं."

आपल्याकडं त्या वर्षी सण करत नाहीत, आणि म्हणून त्या घरात त्या दिवशी कुणी जातही नाही. मी तसं म्हटलं.

"बत्तीस माणसं आली होती," ती म्हणाली. "मी दाराकडे बघत बसले होते. वाटलं, शोभा येईल."

मानिक चौक

दुसऱ्या दिवशी दाजींनी सुट्टी काढली आणि "ताईंना बाजार दाखवून आणतो" म्हणून मला मानिक चौकात नेलं. चौक म्हणजे सगळ्या बाजूंनी गल्ल्या येऊन अडकलेली जागा. भांडी, लग्नाच्या चुनऱ्या, दोऱ्यांची रिळं, मसाले, आणि त्यातून हॉर्न वाजवत जाणाऱ्या ई-रिक्षा. एका गल्लीत जिन्याखाली साहूजींचं दुकान होतं. कॅमेरे दुरुस्त करणं आणि जुन्या लेन्सची खरेदी-विक्री. आम्ही उभे राहिलो तसा तो माणूस खुर्चीतून उठला.

"आप निखिल भैया के पापा हैं न?"

दाजींनी मान हलवली.

"मेरे यहाँ बैठते थे," साहूजी म्हणाले. "यहीं, इसी स्टूल पर। आपको नहीं मालूम होगा।"

दाजींना खरंच माहीत नव्हतं. ते त्या स्टुलाकडे बघत राहिले. साहूजींनी ते पुसून पुढं केलं, पण दाजी बसले नाहीत. माझ्यासाठी मंगोडे मागवले गेले. मुगाच्या डाळीची ती गरम भजी खरं तर चविष्ट होती, पण मी दोनच खाल्ली.

साहूजींनी दोन लेन्स काढून कापडावर ठेवल्या. या दोन्हीतली निवड वाटते तितकी सोपी नाही. पहिली अठ्ठावीस ते दोनशे मिलिमीटर, म्हणजे रुंद दृश्यापासून लांबच्या वस्तूपर्यंत. वजनाला हलकी, उजेड कमी असला तरी तग धरणारी. दुसरी चोवीस ते दोनशेचाळीस. तिच्यात जवळचं आणखी रुंद आणि लांबचं आणखी जवळ येतं, आणि हात थरथरला तरी चित्र हलू नये अशी सोय आत आहे. पण ती जड आहे, आणि कमी उजेडात लवकर हात टेकते. निखिलचा कॅमेरा त्याच्या मालिकेतला सुरुवातीचा, त्याच्या अंगात हात सावरायची सोय नाही. मी दाजींना हे सगळं सांगितलं. हेही सांगितलं की सगळं करणारी लेन्स काहीच अगदी पहिल्या प्रतीचं करत नाही. कडा थोड्या मऊ येतात. लग्नाचं काम करणारा माणूस अशी लेन्स सहसा घेत नाही.

"मला लग्नं काढायची नाहीत," दाजी म्हणाले.

"मग काय काढायचंय?"

ते माझ्याकडे वळले. मग साहूजींना ऐकू जाऊ नये एवढ्या हळू आवाजात म्हणाले, "मी त्याला भरतीला उभं राहा म्हणून तीन वर्षं बोललो. तो फोटो दाखवायला आला की मी पेपर वर धरायचो. त्यानं काढलेला एकही फोटो मी नीट बघितला नाही, ताई. ओरछ्याला काय होतं एवढं, जे बघायला तो सारखा जायचा? तेवढं बघायचंय."

मी दोन्ही लेन्स हातात घेऊन उभी होते. दोन्हींची काच स्वच्छ होती.

"दोनों ले जाइए, अंकल जी," साहूजी म्हणाले. "कैमरे पर लगाके देखिए। जो ठीक लगे रखिए, दूसरा लौटा दीजिए।"

कॅमेऱ्यावर लावून बघायला कॅमेरा हवा होता. आणि कॅमेरा वंदनाच्या कपाटात होता, किल्ली तिच्या कनवटीला.

कपाट

दाजी बोलणार नाहीत हे परत येतानाच मला कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ते ड्यूटीवर गेल्यावर मी स्वयंपाकघरात वंदनाजवळ बसले आणि सांगून टाकलं. ती मेथी निवडत होती. निवडतच राहिली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तू नुसती मला भेटायला यायची नाहीस."

त्या वाक्यावर मला बोलता आलं असतं. मी मेथीच्या चार काड्या पुढं ओढून घेतल्या. जुडी संपल्यावर ती उठली, कपाट उघडलं आणि निखिलच्या लाल मफलरमध्ये गुंडाळलेला कॅमेरा आणून माझ्या पुढ्यात ठेवला. लेन्स बसते त्या तोंडावर दुधाची रिकामी पिशवी रबर लावून बसवली होती. तिनंच बसवली असणार. आत काही जाऊ नये एवढं तिला कळत होतं.

मी रबर काढलं. सेन्सरवर धूळ होती, बारीक, तांबूस. मी माझ्या बॅगेतून हवेचा रबरी फुगा काढला.

"काय करतेस?"

"आत माती गेलीय. उडवते. नाहीतर प्रत्येक फोटोत आकाशात काळे ठिपके येतील."

"कुठली माती?"

मी तिच्याकडे बघितलं. उत्तर तिला ठाऊक होतं, मलाही.

"राहू दे ती," वंदना म्हणाली.

"वंदना, फोटो खराब येतील."

"येऊ देत."

तीस वर्षांच्या धंद्यात मी मातकट सेन्सरवर मुद्दाम कधी लेन्स चढवली नव्हती. त्या दिवशी चढवली. वंदना बघत होती. झाल्यावर तिनं विचारलं, "केव्हा जायचं ओरछ्याला?"

"दाजी उद्या म्हणत होते."

"मी पण येणार. त्या रस्त्यानं मी गेले नाही अजून. एकदा गेलंच पाहिजे."

ओरछा

चौथ्या दिवशी आम्ही नऊनंतर निघालो. पहाटेची गोष्ट कुणीच काढली नाही. बसस्टँडवरून ओरछ्याला शेअरच्या टमटम रिक्षा जातात. आम्ही तिघं मागच्या बाकावर दाटीनं बसलो, कॅमेरा दाजींच्या मांडीवर. पुढं एक म्हातारी टोपलीत बोरं घेऊन बसली होती आणि वाटेत सगळ्यांना एकेक देत होती. वंदनानं घेतलं आणि मुठीत ठेवलं. मोहरीची शेतं पिवळी असणार, पण धुक्यात तो पिवळा रंग राखेसारखा दिसत होता. ओरछ्याच्या फाट्याच्या पुढं एका ठिकाणी दाजींनी उजवीकडे बघितलं आणि वंदनानं डोळे मिटून घेतले. रिक्षा तिथं थांबली नाही. तिथं काहीच नव्हतं. बाभळी, विटांचा ढीग, म्हशी.

ओरछ्याला बेतवेच्या काठावर राजांच्या छत्र्या आहेत. आपल्याकडची छत्री म्हणजे चौथऱ्यावरचं छोटं बांधकाम. ह्या तीन-तीन मजली, शिखरांच्या, देवळांएवढ्या. आणि त्यांच्या कोनाड्यांतून गिधाडं राहतात. लोक पुलावरून त्यांचे फोटो काढतात. एवढ्या भव्य समाध्यांवर बसलेली गिधाडं बघून दुसरं कुणी काय म्हणेल माहीत नाही, मला ती घरातली माणसं वाटली, कुणाची तरी वाट बघत असलेली.

पुलावर वारा होता. बुटकासा, कठडे नसलेला पूल. मी दाजींना आधी हलकी लेन्स लावून दिली. अठ्ठावीसवर नदी, खडक, छत्र्या सगळं छान आलं. मग मी रिंग फिरवून दोनशेवर नेली आणि शिखरावरचं गिधाड काढायला सांगितलं. दाजींचे हात बंदुकीला सरावलेले, तरी वय आणि ठंड. पाच फोटो काढले, पाचही हललेले. मग जड लेन्स लावली. दोनशेचाळीसवर गिधाडाची मान, मानेवरची विरळ पिसं, डोळा, सगळं स्थिर.

"हीच," दाजी म्हणाले.

"जड आहे. मान दुखेल."

"पाठीवर तीस किलो घेऊन चाललोय, ताई. हीच."

अशी निवड झाली. आकाशात दोन ठिपके होते, ते त्यांनी पाहिले, पण विचारलं नाही. मग कॅमेरा डोळ्याला लावून ते पुलावर पुढं पुढं जात राहिले, रिंग एकदा इकडं एकदा तिकडं फिरवत. फोटो फारसे काढत नव्हते, नुसते बघत होते.

आम्ही दोघी काठावरच्या दगडावर बसलो. मी ठरवून आले नव्हते. दाजी लांब गेलेले दिसले आणि मी बोलून गेले.

"वंदना, त्याच्या आदल्या संध्याकाळी निखिलचा मला फोन आला होता. म्हणाला, मावशी, उद्या धुकं फार पडणार म्हणतात, जोडप्याला दुपारी बोलावू का? मी म्हटलं, वेडा आहेस का. छत्र्या, नदी आणि धुकं, असा उजेड वर्षातून चार दिवस मिळतो. सूर्य उगवायच्या आधी तिथं पोच." मी पुलाकडे बघितलं, दाजी लांबच होते. "मी सांगितलं नसतं तर तो दुपारी गेला असता. म्हणून मी आले नाही. तुझ्यासमोर उभं राहायची हिंमत नव्हती."

वंदना नदीकडे बघत होती.

"मी तिथंच होते," ती म्हणाली. "पोळ्या लाटत होते. तो ओट्याला टेकून तुझ्याशी बोलत होता. फोन ठेवून म्हणाला, मावशी म्हणते पहाटेच जा. मी त्याला डबा भरून दिला."

"म्हणजे तुला तेव्हापासून..."

"तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस? शिव्या द्यायच्या होत्यास."

"तू येऊन सांगशील म्हणून थांबले. एक महिना थांबले, दोन थांबले. होळीला थांबले." तिनं मुठीतलं बोर पाण्यात टाकलं. "माफ केलं असं म्हणणार नाही, शोभा. तसं काही आत होत नाही माझ्या. पण तू सांगितलंस ते ऐकलं."

थोड्या वेळानं तिनं पुलाकडे मान वळवली. "ह्यांना माहीत नाही. मी सांगितलेलं नाही. ह्यांना वाटतं, सगळं आपल्यामुळं. भरती झाला असता तर वाचला असता, मी फोटो बघितले असते तर घरी राहिला असता, असलं काहीतरी. तुझ्याविषयी त्यांना फार वाटतं. तू एकटीच त्याच्यामागं उभी राहिलीस म्हणतात. आत्ता नको बोलूस. ते मी बघते."

दाजी परत आले तेव्हा त्यांच्या कानटोपीवर दव जमलं होतं. त्यांनी पडद्यावर एक फोटो आम्हाला दाखवला. नुसतं पाणी आणि पलीकडचा काठ, काठावर कुणी नाही. "हे चांगलं आहे का?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, चांगलं आहे. ते खरंच चांगलं होतं.

स्टेशन

पाचव्या दिवशी दाजींनी मला सोडलं. जाताना हलकी लेन्स साहूजींना परत दिली. वंदना जिन्यापर्यंत आली, ज्वारीचं पीठ पुढच्या वेळी थोडं जास्त आण म्हणाली आणि वर गेली. गाडीला उशीर होता. दाजी माझ्याशेजारी बाकावर बसले होते, हात गुडघ्यांवर.

"ताई," ते म्हणाले, "तुम्ही होता म्हणून पोराला त्याच्या मनासारखं थोडं जगता आलं. मी तर आडवाच आलो. तुमचे उपकार कसे फेडू मला कळत नाही."

मी फलाटाकडे बघत "असं म्हणू नका" एवढंच म्हटलं. त्याहून वाईट उत्तर मी आयुष्यात कुणाला दिलेलं नाही. गाडी आल्यावर त्यांनी माझी बॅग चढवली आणि डबा हलेपर्यंत खिडकीशी सरळ उभे राहिले.

हे सगळं लिहून झाल्यावर मी वंदनाला फोन केला. तिची परवानगी नसती तर फाडून टाकलं असतं. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवलं. ती मध्ये एकदाही बोलली नाही.

"छापू देत," ती शेवटी म्हणाली. "ह्यांना मी वाचून दाखवीन. किती दिवस लपवायचं?"

"दाजी काय म्हणतील?"

"ते मला माहीत नाही. पण जे म्हणतील ते तू फोनवर ऐकायचं नाहीस. इथं येऊन, समोर बसून ऐकायचं."

मी हो म्हटलं. अंक निघाला की एक प्रत झाशीला जाईल. त्याच्या दुसऱ्या दिवशीचं तिकीट मी काढणार आहे.